यात्रेने गावाकडे काय मागितलं?



"पेट झाली, आता विषय कोणता घेऊ?" हा प्रश्न मला दर आठवड्याला कोणीतरी विचारतंच. माझं उत्तर ठरलेलं आहे. विषय नंतर बघू, आधी प्रश्न शोधा. 'जवानांच्या समर्थनार्थ निघालेल्या यात्रा आणि सभा' हा झाला विषय. त्यावर तीनशे पानं लिहून होतील आणि हाती काही लागणार नाही. प्रश्न वेगळा असतो. त्याचं उत्तर चुकू शकतं, आणि चुकलं तर ते कळू शकतं.

आज हाच विषय घेऊन प्रश्नापर्यंत कसं पोचायचं ते करून बघू. आधीच सांगते, मी इतिहासाची विद्यार्थिनी नाही. भूगर्भशास्त्रात एम.एस्सी. केलंय आणि पूर्णेच्या खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्याच्या मातीवर पीएच.डी. चालू आहे. पण या प्रश्नाकडे मला मातीनेच नेलं.

सुरुवात माझ्या गावापासून, मोताळ्यापासून. १४ फेब्रुवारी २०१९ ला जम्मू-श्रीनगर महामार्गावर, पुलवामा जिल्ह्यातल्या लेथपोऱ्याजवळ सीआरपीएफच्या ताफ्यावर आत्मघाती हल्ला झाला. ४० जवान गेले. त्यात दोघे आपल्या बुलढाणा जिल्ह्याचे होते, मलकापूरचे संजय राजपूत आणि लोणार तालुक्यातल्या चोरपांग्र्याचे नितीन राठोड. मलकापूर आमच्या शेजारचा तालुका. बाजार, रेल्वे, कॉलेज सगळ्याला आम्ही तिकडेच जातो. त्यामुळे ती बातमी आमच्यासाठी टीव्हीवरची राहिलीच नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आमच्याकडे मेणबत्ती मोर्चा निघाला. मी होते, माझा मामेभाऊ होता, वर्गातली निम्मी मुलं होती. घोषणा देऊन घसा बसला होता. आज सहा-सात वर्षांनी मी तो दिवस लिहून काढायला बसले, तर काय आठवलं? हातावर सांडलेलं मेण, आणि मोबाईल वर धरून शूटिंग करणारी माणसं. कोण बोललं, काय बोललं, काही नाही. माझ्याकडे आठ फोटो आहेत. सगळ्यांत गर्दी दिसते. मोर्चाने नेमकं काय केलं, ते एकातही दिसत नाही.

म्हणजे मी स्वतः हजर असलेल्या घटनेचासुद्धा माझ्याकडे धड पुरावा नाही. संशोधनाला बसायच्या आधी हा अनुभव एकदा घेऊन बघा. अंगातला आत्मविश्वास बऱ्यापैकी उतरतो.

आता त्याच घटनेनंतरची दुसरी एक यात्रा बघा. मूळचे औरंगाबादचे आणि बंगळुरात राहणारे उमेश गोपीनाथ जाधव हे संगीत शिकवणारे गृहस्थ २०१९ मध्ये स्वतःची गाडी घेऊन निघाले. पुलवाम्यात गेलेल्या सगळ्या ४० जवानांच्या घरी जायचं आणि प्रत्येक घरातून मूठभर माती घ्यायची, एवढंच ठरवलं होतं. सुमारे ६१,००० किलोमीटर प्रवास झाला. १४ फेब्रुवारी २०२० ला, बरोबर वर्षाने, लेथपोऱ्याच्या सीआरपीएफ तळावर स्मारकाचं उद्घाटन झालं तेव्हा ते माती घेऊन तिथे पोचले होते.

मी हे वाचलं तेव्हा डोक्यात आधी आला तो आमचा लॅबचा नियम. शेतातल्या मातीचा नमुना घेताना आपण एका जागची माती घेत नाही. दहा-बारा ठिकाणी इंग्रजी व्ही आकाराचे खड्डे घ्यायचे, सगळी माती एकत्र करायची, तिचे चार भाग करायचे, समोरासमोरचे दोन टाकून द्यायचे आणि अर्धा किलो उरेपर्यंत हेच करत राहायचं. यातून शेताची सरासरी मिळते. कुठल्या खड्ड्यातली माती कशी होती, हे मात्र कायमचं हरवतं. म्हणून पिशवीतल्या चिठ्ठीला मातीइतकंच महत्त्व. चिठ्ठी हरवली की नमुना फेकून द्यायचा.

चाळीस घरांच्या मातीचंही तसंच आहे. रसायनशास्त्राने त्यातून फारसं काही कळणार नाही. लोणारकडची बेसाल्टची माती आणि दूरच्या नदीकाठचा गाळ एकत्र आला तर मिश्रण होईल, बस. तिचा अर्थ सगळा चिठ्ठीत आहे: कोणाचं घर, कोण गेलं, कोणी ती हातात दिली. इथे मला पहिल्यांदा प्रश्न दिसला. या यात्रेने घरांकडे माती मागितली. मग याआधीच्या यात्रांनी काय मागितलं होतं?

आता १९१८ मध्ये चला. पहिलं महायुद्ध चालू होतं आणि इंग्रज सरकारला माणसं हवी होती. तेव्हा आपला भाग 'मध्य प्रांत व वऱ्हाड'मध्ये होता. आपल्या जिल्ह्याचं जुनं गॅझेटियर १९१० चं, म्हणजे युद्धाच्या आधीचं, त्यामुळे त्यात हे शोधून उपयोग नाही. (स्रोताची तारीख आधी बघायची, मग पान उलटायचं.) त्या काळातल्या भरतीच्या दौऱ्याची सगळ्यात चांगली नोंद मिळते ती गुजरातेतल्या खेडा जिल्ह्यातली, आणि दौरा करणारे होते चक्क गांधीजी.

एप्रिल १९१८ मध्ये दिल्लीला युद्ध परिषद झाली. तिथे गांधीजींनी भरतीला पाठिंबा दिला. मग ते खेड्यात फिरले, तिथेच जिथे नुकताच शेतसाऱ्याचा सत्याग्रह झाला होता. हिशोब साधा होता. जिल्ह्यात ६०० गावं, प्रत्येक गावाने २० माणसं द्यावीत, म्हणजे १२,००० ची फौज. प्रत्यक्षात काय झालं ते त्यांनी स्वतःच आत्मचरित्रात लिहून ठेवलंय. सत्याग्रहात लोक बैलगाड्या फुकट देत होते, एक स्वयंसेवक मागितला तर दोन येत होते. आता भाड्यानेही गाडी मिळेना. दिवसाला वीस-वीस मैल पायी चालावं लागलं, जेवण झोळीत घेऊन. सभांना लोक यायचे, पण नाव नोंदवायला अगदी थोडे. उलट विचारायचे, तुम्ही अहिंसावाले, मग आम्हाला शस्त्र घ्यायला कसं सांगता? सरकारने आमचं असं काय भलं केलंय? शेवटी आमांशाने ते अंथरुणाला खिळले.

महाराष्ट्रात त्याच वेळी टिळकांची भूमिका वेगळी होती. माणसं देऊ, पण हिंदी माणसाला सैन्यात अधिकारपद मिळालं पाहिजे. १० जून १९१८ ला मुंबईत गव्हर्नर विलिंग्डन यांनी बोलावलेल्या युद्ध परिषदेत त्यांना बोलताना अडवलं गेलं. पुढे टिळकांनी गांधीजींना ५०,००० रुपयांचा चेक पाठवला आणि पैज लावली. सरकारकडून अधिकारपदांचं वचन आणा, मी महाराष्ट्रातून ५,००० माणसं देतो, नाही दिली तर पैसे तुमचे. मदत सौद्याने करायची नसते, म्हणून गांधीजींनी चेक परत केला.

दुसरा थांबा १९६२. २० ऑक्टोबरला चीनने हल्ला केला. २१ नोव्हेंबरला यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री झाले. हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला, हे वाक्य तुमच्या आजीआजोबांना अजून पाठ असेल. राष्ट्रीय संरक्षण निधी उभा राहिला. देशभर सभा झाल्या आणि त्यांत पैसे, रक्त, सोनं मागितलं गेलं. बायकांनी अंगावरचे दागिने काढून दिले. या वेळचा पुरावा कुठे मिळेल? घरच्या पेटीत. देणगी दिली की पावती मिळायची, आणि पावतीवर नाव, तारीख, रक्कम सगळं असतं. माझ्या आठ फोटोंपेक्षा अशी एक पावती इतिहासाला जास्त उपयोगाची.

तर १९१८ ला माणसं मागितली, १९६२ ला सोनं आणि पैसा, २०१९ ला मूठभर माती. मी हे वहीत एकाखाली एक लिहिलं आणि मोठ्या आनंदाने निष्कर्ष काढला: मागणी हलकी होत गेली. कारणही दिसत होतं. तेव्हा भरतीला माणूस मिळत नव्हता. आज मोताळ्याहून राजूर घाटाकडे पहाटे पाचला निघा, सोळाशे मीटरची प्रॅक्टिस करणारी पोरं रस्त्याच्या कडेने पळताना दिसतील. सैन्य भरतीच्या मेळाव्यात आज जागा कमी आणि पोरं जास्त. मग यात्रेला माणसं मागायची गरजच काय?

निष्कर्ष सुंदर होता, म्हणूनच संशय आला. नीट बघितलं तर माझे नमुने सारखे नव्हतेच. १९१८ चा दौरा माणसं युद्धावर जाण्यापूर्वीचा होता आणि २०१९ ची यात्रा माणसं गेल्यानंतरची. ही तुलना म्हणजे पेरणीआधीची माती आणि कापणीनंतरची माती एकाच तक्त्यात टाकण्यासारखी झाली. जोडी लावायची तर 'आधी'ची 'आधी'शी आणि 'नंतर'ची 'नंतर'शी. १९१८ च्या भरतीसमोर ठेवायची आजची भरती. आणि मातीच्या यात्रेसमोर ठेवायच्या पहिल्या महायुद्धानंतर गावांत लावलेल्या दगडी पाट्या. सातारा-कोकणातल्या कितीतरी गावांत त्या अजून आहेत. या गावातून इतके पुरुष युद्धावर गेले, त्यातले इतके परत आले नाहीत, एवढंच त्यावर असतं. आकडे आहेत, नावं नाहीत. २०१९ मध्ये एक माणूस नावं घेऊन दारोदार गेला. खरा बदल शोधायचा तर तो इथे शोधावा लागेल.

आणि या फेरतपासणीत मला हवा तो प्रश्न सापडला. खेड्यातल्या लोकांना नाही म्हणता आलं. त्यांनी गाडी दिली नाही, नाव नोंदवलं नाही, तोंडावर प्रश्न विचारले. त्यामुळेच त्या दौऱ्यावरून लोकांच्या मनात काय होतं ते आपल्याला आज कळतं. आमच्या मेणबत्ती मोर्चाला नाही कोण म्हणणार होतं? त्यात जायला काहीच लागत नव्हतं आणि न जाणं अवघड होतं. ज्या काट्यावर काहीही ठेवलं तरी एकच वजन दिसतं, तो काटा आपण लॅबमध्ये वापरतो का? ज्या सभेला नकार देता येत नाही, तिच्या गर्दीवरून लोकांची भावना मोजता येत नाही. भावना खोटी असते असं मी म्हणत नाहीये. माझी खरीच होती. पण गर्दी हे तिचं माप होऊ शकत नाही. माप शोधायचं तर जिथे काहीतरी खर्ची पडतं तिथे शोधायचं: नाव, दागिना, वेळ, ६१,००० किलोमीटर.

हे मला लॅबमध्ये सुचलं नाही. त्या दिवशी माझ्याबरोबर चालणारा तो मामेभाऊ आता केंद्रीय दलात आहे. गेल्या दिवाळीत सुट्टीवर आला होता. मी त्याला उत्साहाने माझ्या नोंदी दाखवल्या. शांतपणे वाचून म्हणाला, "ताई, मोर्चात किती जण होते ते मोजू नको. तेराव्यानंतर त्या घरी कोण कोण गेलं, ते मोज." मी गप्प बसले. मलकापूर आमच्यापासून तासाभराच्या आत आहे. मी गेले नव्हते. या पोस्टमधला सगळ्यात पक्का डेटा हाच, आणि तो माझ्या विरोधात जातो.

जाताना एक सावधगिरी. २०२०-२१ मध्ये १९७१ च्या विजयाच्या सुवर्ण वर्षानिमित्त विजय मशाली देशभर फिरल्या, आणि वीरांच्या गावांची माती दिल्लीच्या राष्ट्रीय युद्ध स्मारकात नेली. ९ ऑगस्ट २०२३ पासून 'मेरी माटी, मेरा देश' मोहिमेत गावोगावची माती कलशांतून कर्तव्य पथावर गेली, गावांत नावांचे शिलाफलक लागले. क्रम बघून लगेच 'एका माणसाच्या यात्रेतून हे सगळं आलं' असं लिहून मोकळं होऊ नका. एकामागून एक घडलं म्हणजे एकामुळे दुसरं घडलं असं होत नाही. तसं म्हणायचं तर मधला दुवा दाखवणारा कागद हवा.

आता तुमचं काम. तुमच्या गावात निघालेली अशी एखादी यात्रा, फेरी किंवा सभा निवडा आणि तीन ओळी लिहा. तिने लोकांकडे काय मागितलं? नाही म्हणायची सोय होती का? आणि महिनाभराने तिच्यातलं काय उरलं होतं? तिसऱ्या ओळीला पेन अडखळला तर समजा, सिनॉप्सिस तिथून सुरू होतो.

मी माझी तिसरी ओळ अजून लिहिलेली नाही. आधी मलकापूरला जाऊन येते.