पिस्तुलाची मूठ

१८९६ च्या ऑक्टोबरातली गोष्ट. एकवीस वर्षांचा एक घोडदळ अधिकारी मुंबईच्या ससून डॉकला होडीतून उतरत होता. लाटेने होडी वर उचलली तशी त्याने भिंतीतली लोखंडी कडी पकडली, आणि तेवढ्यात होडी खाली गेली. उजव्या खांद्याला हिसका बसला, आणि ते दुखणे जन्मभराचे झाले. हा अधिकारी म्हणजे विन्स्टन चर्चिल. २ सप्टेंबर १८९८ रोजी सुदानातल्या ओमदुरमानच्या लढाईत लान्सर्सनी शत्रूवर घोडी घातली, तेव्हा त्या खांद्याने तलवार चालवणे धोक्याचे होते. ती म्यान करून चर्चिलने माउझर पिस्तूल हाती घेतले आणि तो जिवंत परतला.

त्या काळी नवेकोरे असलेले हे ‘सी ९६’ पिस्तूल बघायला मात्र बेढब. दहा काडतुसांचे मॅगझिन चापाच्या पुढे, त्यामुळे वजन पुढच्या बाजूला. मूठ गोल आणि बारीक. लोकांनी तिला झाडूचा दांडाच म्हटले. यंत्र आधी तयार झाले आणि हाताचा विचार नंतर, असे ते पाहून वाटते.

ह्यूगो बोर्चार्टने १८९३ साली मॅगझिन मुठीत घातले होते. कल्पना उत्तम, पण मूठ जवळजवळ काटकोनात आणि मागे यंत्राचे भलेमोठे कुबड! जॉर्ज लुगरने ते कुबड काढले, मूठ कलती केली. हात लांब करून बोट रोखावे, तशी नळी आपोआप निशाण्याकडे जाते. स्वित्झर्लंडच्या लष्कराने १९०० मध्ये, तर जर्मन लष्कराने १९०८ मध्ये हे पिस्तूल स्वीकारले. हातात घ्यायला इतके सुखाचे पिस्तूल क्वचितच झाले असेल. पण त्याचे सुटे भाग फार काटेकोर, बनवायला महाग. खंदकातल्या चिखलाशी त्यांचे जमेना.

अमेरिकेत जॉन ब्राउनिंगने घोडेस्वार डोळ्यांपुढे ठेवला. एका हातात लगाम, म्हणजे सगळे दुसऱ्या हाताने झाले पाहिजे. म्हणून अंगठ्याखाली एक खटका, आणि मुठीच्या मागे एक पट्टी. ती तळहाताने दाबल्याशिवाय गोळी सुटत नाही. हेच १९११ सालचे प्रसिद्ध कोल्ट. पहिल्या महायुद्धात ते सैनिकांच्या हाती पडले आणि तक्रारी सुरू झाल्या. लहान हाताच्या माणसाचे बोट चापापर्यंत नीट पोहोचेना, मागे येणारा घोडा अंगठ्याजवळच्या कातडीला चिमटे काढी. १९२० च्या दशकात चाप आखूड केला, चापामागे लोखंड थोडे कोरले, मागची पट्टी लांबवली. बंदुकीने माणसापुढे घेतलेली ही माघार मला फार बोलकी वाटते. डावखुऱ्यांना मात्र कोणी विचारले नाही. खटका डावीकडेच राहिला.

ब्राउनिंगच्या मृत्यूनंतर बेल्जियममध्ये द्यूदोने सेव्हने पुरे केलेल्या १९३५ च्या ‘हाय पॉवर’मध्ये तेरा काडतुसे दुहेरी रांगेत बसली, तरी मूठ भरभक्कम झाली नाही. खरी कमाल इथे आहे. आपल्या सैन्याचे ‘९ एमएम १ए’ हे त्याचेच रूप, पश्चिम बंगालमधल्या ईशापूरच्या कारखान्यात बनणारे.

पुढे ऑस्ट्रियात गॅस्टन ग्लॉक या, तोवर एकही पिस्तूल न बनवलेल्या कारखानदाराने १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला प्लॅस्टिकचा सांगाडा आणला. सतरा काडतुसे, वजन हलके, अंगठ्याचा खटकाच नाही. चापातच एक छोटी पट्टी, ती बोटाने दाबली की झाले. घाईत विसरण्यासारखे काही उरले नाही, हे खरे. पण निष्काळजी बोटाला अडवणारेही फारसे काही उरले नाही! म्हणून चाप पुरता झाकणारे म्यान आणि बोट बाहेर ठेवण्याची सवय, यांवरच सगळी भिस्त आली.

प्लॅस्टिकमुळे आणखी एक सोय झाली. जर्मनीच्या वॉल्थर कंपनीने १९९० च्या दशकात मुठीचा मागचा तुकडा बदलता येईल असे पिस्तूल काढले. २०१७ मध्ये अमेरिकी लष्कराने निवडलेल्या सिग पिस्तुलाची मूठ तर तीन मापांत मिळते आणि खटका दोन्ही बाजूंना आहे. ज्या डावखुऱ्या शिपायाला १९११ साली कोणी विचारले नव्हते, त्याचीही अशी सोय झाली.