गळ, दोर आणि काठी : ओरत्तनाडूच्या तळ्याकाठून

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी तंजावरच्या मराठ्यांविषयी काही लिहून द्यावे, अशी सूचना संपादक-मंडळाने केली तेव्हा त्यांच्या मनात सरस्वती महाल, बृहदीश्वराच्या देवळातील मराठी शिलालेख किंवा सरफोजी राजांची शस्त्रक्रियेची हत्यारे असावीत. त्या विषयांवर अधिकारी लेखण्यांनी पुष्कळ लिहिले आहे. मी मात्र मासे धरण्याच्या साहित्याविषयी लिहिणार आहे. या विषयात माझा अधिकार यत्किंचितही नाही, हे आधीच कबूल केलेले बरे. आमच्या घरात ज्ञात पिढ्यांमध्ये मासा शिजलेला नाही.

निमित्त घडले ते नातवामुळे. इथल्या मुलांना उन्हाळा लागला की तळ्यावर जाऊन 'बास' धरण्याचे वेध लागतात. आमच्या चिरंजिवांनी आदल्या वर्षीची काठी गॅरेजमधून काढली, नातवाच्या हाती दिली, आणि मी खुर्ची घेऊन काठावर बसलो. तासाभराने मासा लागला. चांगला मोठा असावा, कारण काठी कमानीसारखी वाकली. नातू आनंदाने ओरडला आणि त्याच क्षणी दोर तटकन तुटला. वर्षभर खिडकीशी उन्हात पडलेला तो दोर पार कुजून गेला होता. मासा गेला याचे मुलाला फारसे वाटले नाही. "आजोबा, त्याच्या तोंडात गळ राहिला, आता तो खाणार कसा?" असे त्याने विचारले, आणि माझ्यापाशी उत्तर नव्हते.

त्या प्रश्नाने मला एकदम ओरत्तनाडूला नेले. तंजावरहून दक्षिणेस पट्टुकोट्टैकडे जाणाऱ्या वाटेवर हे गाव आहे. सरफोजी राजांनी एकोणिसाव्या शतकाच्या अगदी आरंभी आपल्या प्रिय मुक्तांबेच्या नावाने येथे छत्र बांधले. छत्र म्हणजे रामेश्वराच्या यात्रेकरूंसाठी अन्नछत्र आणि धर्मशाळा. कंपनी सरकारने १७९९ मध्ये राज्याचा कारभार काढून घेतला, तरी ही छत्रे आपल्याकडेच राहावीत असा आग्रह राजांनी धरला होता, कारण अन्नदान हेच त्यांच्या हाती उरलेले राजेपण होते. माझे आजोबा त्या गावात राहत. १९५० नंतरच्या त्या वर्षांत सुटीत गेलो की ते मला संध्याकाळी तळ्यावर फिरायला नेत. तेथे एक म्हातारा गळ टाकून बसलेला असे. तमिळमध्ये गळाला 'तूंडिल' म्हणतात. हा शब्द मी त्याच्याकडूनच शिकलो. त्याने काय धरले ते मला आठवत नाही. आठवते ते हे, की उठण्यापूर्वी तो सुती दोर चिमटीतून सबंध ओढून घेई, कोठे सूत विसविशीत झाले असेल तेथे थांबे, तेवढा भाग कापून पुन्हा गाठ मारी, आणि मग दोन झाडांमध्ये ताणून वाळत घाली. गळाचे टोक अंगठ्याच्या नखावर टेकवून पाही. आजोबा मासा शिवत नसत, पण हा सोहळा संपेपर्यंत ते तेथून हलत नसत.

ही विद्या आपल्याकडे किती जुनी? पुस्तकात उतरलेली म्हणाल तर नऊशे वर्षांची तरी आहे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर, ज्याला भूलोकमल्ल म्हणत, त्याने इ. स. ११२९ च्या सुमारास 'मानसोल्लास' हा संस्कृत ग्रंथ सिद्ध केला. पाच विंशती आणि प्रत्येकीत वीस प्रकरणे, असा हा राजजीवनाचा कोशच आहे. राज्य मिळवावे कसे, राखावे कसे, येथपासून हत्ती, रत्ने, स्वयंपाक, गायन, येथपर्यंत सारे त्यात आहे. आणि राजाच्या विनोदांमध्ये 'मत्स्यविनोद' नावाचे प्रकरण आहे. माशांच्या जाती, त्यांतले समुद्राचे कोणते आणि नदीचे कोणते, खवल्यांचे कोणते आणि गुळगुळीत कोणते, कोणाला कोणता चारा घालून आधी पाण्याशी सरावावे, दोर, काठी व गळ कसे असावेत, असा त्याचा विस्तार आहे. मत्स्यशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनी १९५१ मध्ये या प्रकरणावर स्वतंत्र लेख लिहून ते विद्वानांच्या नजरेस आणले. मराठी माणसाला या ग्रंथाचे आणखी एका कारणाने अगत्य आहे. त्याच्या संगीतविषयक भागात विष्णूच्या अवतारांचे जे गीत आहे, ते मराठीच्या अगदी जुन्या नमुन्यांपैकी एक समजले जाते, आणि त्यातला पहिला अवतार अर्थातच मत्स्याचा! म्हणजे ज्या ग्रंथात मासा धरण्याची युक्ती आहे, त्याच ग्रंथात मराठी भाषा माशाला नमस्कार करीत उभी आहे. हा योगायोग मला मोठा गंमतीचा वाटतो.

सोमेश्वराचे मर्म एवढेच, की आधी मासा ओळखा, मग साहित्य निवडा. पुढल्या नऊ शतकांत लाकूड बदलले, सूत बदलले, हे सूत्र बदलले नाही.

तंजावरच्या मराठी दरबारात गजशास्त्र झाले, सरफोजींच्या नावाने 'शरभेंद्र पाकशास्त्र' झाले. गळाची विद्या मात्र तळ्याकाठीच राहिली. ज्यांच्या हाती गळ होता त्यांच्या हाती बोरू नव्हता, आणि ज्यांच्या हाती बोरू होता ते आमच्यासारखे, काठावर उभे राहून पाहणारे. माशांचा शास्त्रीय अभ्यास मात्र तंजावरच्याच किनाऱ्यावर चालला होता. तरंगंबाडी हे ठाणे डेन्मार्कच्या लोकांना १६२० मध्ये तंजावरच्या रघुनाथ नायकाकडून मिळाले होते. सरफोजींचे गुरू श्वार्ट्झ १७५० मध्ये प्रथम तेथेच उतरले. त्याच मिशनमधील क्रिस्टोफ जॉन या पाद्र्याने तेथले मासे बर्लिनच्या ब्लोख या वैद्याकडे पाठविले, आणि ब्लोखने एका माशाच्या गणाला त्याचेच नाव दिले, 'जॉनियस'. आपल्या कोकणात ज्यांना ढोमा म्हणतात त्या माशांचा हा गण. याच ब्लोखने १७९० मध्ये आणखी एका माशाचे वर्णन केले आणि त्याला 'कॅल्कॅरिफर' असे विशेषण लावले. त्याचा अर्थ 'आर धारण करणारा', घोडेस्वाराच्या टाचेला असते ती आर. हाच रायगड जिल्ह्यातला जिताडा, तमिळ किनाऱ्यावरचा 'कोडुवा', आणि इंग्रजीत ज्याला आशियाई सी-बास म्हणतात तो. ओरत्तनाडूहून पट्टुकोट्टै ओलांडून समुद्राला भिडले, की अदिरामपट्टिनम आणि मुत्तुपेट्टैच्या खाजणात तो सापडतो. पेण-अलिबागकडचे शेतकरी त्याला घराजवळच्या तळ्यात वाढवीत आले आहेत. चेन्नईच्या केंद्रीय निमखारे जलजीवपालन संस्थेने १९९७ मध्ये त्याची बंदिस्त पैदास साधली, तेव्हापासून त्याचे बीज नियमित मिळू लागले.

नावातली ती आर ही केवळ शोभेची नाही. जिताड्याच्या कल्ल्यावरची कड सुरीसारखी धारदार असते. लागलेल्या माशाने मान झटकली की साधा दोर कापला जातो. म्हणून गळाजवळचा हातभर दोर वेगळा, जाड आणि चिवट घ्यावा लागतो. ब्लोखच्या लॅटिन शब्दात साहित्य निवडण्याचा सल्ला दडलेला आहे असे म्हटले तरी चालेल.

सरफोजी तंजावरास ग्रंथ जमवीत होते त्याच काळात, एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत, पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला केंटकी प्रांतात जॉर्ज स्नायडर नावाचा घड्याळजी दातेरी चाकांची एक चक्री घडवीत होता. मूठ एकदा फिरवली की दोर गुंडाळणारे रीळ अनेकदा फिरे. नातू ज्या बाससाठी धडपडत होता त्याच माशासाठी ही चक्री नावारूपाला आली. पुढे फिलिप नावाच्या पेन्सिल्वेनियातील बंदूक-कारागिराने बांबूच्या चिरफळ्या जोडून काठी केली. तिच्यासाठी लागणारा बांबू 'कलकत्ता' या नावानेच अमेरिकेत ओळखला जाई, कारण तो हिंदुस्थानातून जहाजाने जाई. चीनमधील टोंकिन बांबूने त्याला मागे टाकीपर्यंत अमेरिकन माणसाने कित्येक बास आपल्याकडच्या बांबूवर धरले. परदेशी आलेल्यांच्या यादीत हा बांबू आपल्या बराच आधीचा म्हणायचा!

त्या काठ्यांचे कोडकौतुक फार करावे लागे. भिंतीला टेकवून ठेवली की वाकडी होई, म्हणून ती टांगून ठेवीत. रोगण उडाले की पाणी आत शिरे. दोर रेशमाचा असे. तो रोज संध्याकाळी चक्रीवरून उलगडून वाळवला नाही तर आतल्या आत कुजे. गळाजवळ बांधण्याची तात रेशमाच्या किड्यापासूनच ओढून काढीत. ती कोरडी असताना काचेसारखी मोडे, म्हणून वापरण्यापूर्वी भिजत घालावी लागे. एक वाळवायचे आणि दुसरे भिजवायचे!

आपल्या हवेत हे सारे आणखी अवघड. त्याचा विचार पुस्तकरूपाने केला तो हेन्री सलिव्हन टॉमस या मद्रास मुलकी नोकरीतील अंमलदाराने. त्याचे 'द रॉड इन इंडिया' १८७३ मध्ये मंगळूरला छापले गेले, आणि तळ्यांतल्या माशांवरचे दुसरे पुस्तक १८८७ मध्ये निघाले. या दोहोंच्या मध्ये, १८८५ मध्ये, याच टॉमसने तंजावर जिल्ह्यातील फसली १२९४ च्या साऱ्याच्या सुटीवर अहवाल लिहिला. कावेरीच्या पाण्याचा हिशेब आणि पाण्यातल्या माशाचा हिशेब, दोन्ही एकाच टाकाने झाले. विलायतेतून आणलेले नाजूक गळ महाशीराच्या जबड्यात अक्षरशः चेपले जातात, हे त्याने आपल्या देशबांधवांना बजावले. साहेबाचा सूर कित्येकदा खटकतो, पण साहित्य इथल्या माशाला विचारून घ्या, दुकानदाराला नव्हे, हे त्याचे म्हणणे थेट सोमेश्वराच्या घरातले आहे.

ओरत्तनाडूच्या तळ्यातला खरा मल्ल म्हणजे मरळ, तमिळ 'विराल'. तो वर येऊन हवा घेतो, शेवाळात दडतो आणि बेडकावर तुटून पडतो. इथला मोठ्या तोंडाचा बासही पाणवेलींतच राहतो आणि बेडूक सोडीत नाही. दोघांचे कूळ अगदी वेगळे, पण खोडी एकच, म्हणून साहित्यही सारखे : आखूडशी ताठ काठी, वेलींतून मासा खेचून काढील असा जाड दोर, आणि पाण्यावर सरकणारा, गळ वर वळवलेला खोटा बेडूक. तमिळनाडूतले तरुण आज मरळीसाठी हाच रबरी बेडूक वापरतात. उघड्या पाण्यात, सावध माशासाठी, याच्या उलट बारीक दोर आणि लवचीक काठी हवी. मरळीचे नर-मादी पिलांची राखण करीत असतात तेव्हा मात्र कोणतेही साहित्य घरीच ठेवावे.

नायलॉनची घोषणा १९३८ मध्ये झाली आणि महायुद्धानंतर सारेच पालटले. कोकणातल्या कोळ्यांची तागाची जाळी झाडाची साल उकळून तिच्या काढ्यात बुडवीत, ती चाल नायलॉनने हळूहळू मोडली. दोर कुजत नाही, तर मग वाळवायचा कशाला? येथेच आपली फसगत झाली. नायलॉन पाण्याने कुजत नसले तरी उन्हाने मरते, आणि मेलेले दिसत नाही. चिरंजिवांना मी हेच सांगितले. हंगामाच्या आरंभी दोर नवा भरावा. मासे धरताना मधूनमधून शेवटचा वावभर दोर बोटांतून ओढून पाहावा, खरखरीत लागला की कापून टाकावा. गाठ आवळण्यापूर्वी ओली करावी, नाहीतर घर्षणाच्या उष्णतेने ती तेथेच अशक्त होते. काठीच्या कड्यांतून कापसाचा बोळा फिरवावा; जेथे तंतू अडकेल तेथे तडा आहे, आणि तोच दोर कापतो. खाऱ्या पाण्यातून आल्यावर चक्री गोड्या पाण्याच्या हलक्या धारेखाली धुवावी, जोराच्या फवाऱ्याने मीठ उलट आत शिरते. मग पुसून तेलाचा एखादा थेंब. ठेवताना चक्रीचा ड्रॅग सैल सोडावा. ओला गळ डबीत टाकू नये, एक गंजला की शेजारचे गंजतात.

हे सर्व मी इथल्या वाचनालयातील पुस्तकांतून गोळा केले. त्यातली निम्मी कृती तळ्यावरचा तो म्हातारा सुती दोरावर करीत असे, हे वाचता वाचता ध्यानात येत गेले.

पुस्तकांत नातवाच्या प्रश्नाचेही काहीसे उत्तर मिळाले. साधा लोखंडी गळ पुष्कळदा गंजून किंवा सैल होऊन माशाच्या तोंडातून सुटतो. खोल गिळला गेला असेल तर मात्र मासा दगावू शकतो. उलटा काटा चिमट्याने चेपून टाकला तर गळ लवकर निघतो. पुढच्या रविवारी नातवाने डबीतल्या सगळ्या गळांचे काटे चेपले. नवा दोर भरताना रीळ धरायला मला बसवले, आणि संध्याकाळी तळ्यावरून परतल्यावर काठी अंगणातल्या दोन खुर्च्यांवर आडवी ठेवून, दोर चिमटीत धरून तो टोकापर्यंत चालत गेला. सून जेवायला हाक मारीत होती. मी तिला जरा थांब म्हणालो.