लावलेलें रान आणि राखलेलें रान

माघ महिन्यांत पुण्याच्या वेताळ टेकडीवर फिरावयास जाणाऱ्यास एक शोभा हटकून दिसते. पानें गळलेल्या झाडांच्या फांद्या फिकट गुलाबी फुलांनीं बुंध्यापासून शेंड्यापर्यंत लगडलेल्या असतात. बाहेरगांवचे पाहुणे तें पाहून हरखतात आणि 'शहरांत केवढें रान राखलें आहे तुम्ही!' असें म्हणतात. शहराच्या पुष्कळ टेकड्यांवर हीं झाडें आहेत. पण तें रान राखलेलें नसून लावलेलें आहे, आणि लावणाऱ्यांत प्रस्तुत लेखकहि एक होता, हें त्यांस सांगण्याचा धीर मला पुष्कळ वर्षें झाला नाहीं.

हें झाड म्हणजे गिरिपुष्प. नांव ऐकून कोणासहि तें कालिदासाच्या ओळखीचें वाटावें. पण तें केवळ 'ग्लिरिसिडिया' या परकी नांवावर चढविलेलें सोवळें आहे. झाडाचें माहेर मेक्सिको व मध्य अमेरिका. तेथें कोकोच्या मळ्यांत सावलीसाठीं तें लावीत. मूळ लॅटिन नांवाचा अर्थ उंदरांस मारणारें असा आहे, आणि आमच्या खेड्यांतील 'उंदीरमारी' हें नांवच त्याला अधिक धरून आहे.

१९८८ च्या पावसाळ्यांत आम्हीं महाविद्यालयांतील मुलांनीं एका उघड्या टेकडीवर या झाडाच्या काठ्या रोवल्या. सामाजिक वनीकरणाचें खातें राज्यांत १९८२ सालीं निघालें होतें आणि उत्साहाचा भर होता. काठी रोवावी आणि ती जगावी, इतकें तें झाड सोशिक. आमच्यापासून थोड्या अंतरावर गुरें चारणारा एक म्हातारा बराच वेळ आमचें काम पाहत होता. शेवटीं तो म्हणाला, "पोरांहो, ह्याच्या पाल्याला आमची गुरं त्वांड लावत न्हाईत. मग लावता कशापायी?" आम्हीं मोठ्या अभिमानानें उत्तर दिलें, "तोंड लावत नाहींत म्हणूनच!" तो कांहीं बोलला नाहीं. आमच्या उत्तरांत त्याला स्वतःच्या गुरांची हकालपट्टी ऐकूं आली असली पाहिजे, हें समजण्यास मला पुढें इतिहासाचीं बरींच पुस्तकें वाचावीं लागलीं.

कारण झाडाचा विचार माणसास वगळून करण्याची ही रीति आमच्या पिढीनें काढलेली नव्हे. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं इंग्रजी आरमारास ओकचें लांकूड अपुरें पडूं लागलें, तेव्हां त्याची दृष्टि सागाकडे वळली. १८०६ सालीं मलबारांत कॅप्टन वॉटसन यास वनसंरक्षक नेमण्यांत आलें. मुंबईच्या गोदींत वाडिया घराण्यांतील कारागिरांनीं मलबारी सागाची बांधलेली 'ट्रिंकोमाली' नांवाची युद्धनौका १८१७ सालीं पाण्यांत उतरली. ती अद्याप इंग्लंडांत हार्टलपूल येथें तरंगती आहे. सागाच्या गुणांची याहून चांगली साक्ष नको! पुढें १८४७ सालीं मुंबई इलाख्याचे पहिले वनसंरक्षक म्हणून डॉ. अलेक्झांडर गिब्सन यांची नेमणूक झाली. हे गृहस्थ पेशानें शस्त्रवैद्य. १८३८ पासून दापोडीच्या सरकारी वनस्पति-उद्यानाचे ते अधीक्षक होते. डोंगर उघडे पडले म्हणजे ओढे आटतात, हें त्यांनीं सरकारच्या कानावर घातलें, म्हणून त्यांस केवळ लांकडाचे व्यापारी ठरविणें न्यायाचें होणार नाहीं. परंतु १८६५ आणि १८७८ च्या कायद्यांनीं जें खातें उभें राहिलें, त्याच्या हिशेबांत साग, शिसव हे मोलाचे आणि बाकीचें रान जवळजवळ बिनमोलाचें होतें. राबासाठीं फांद्या छाटणारा कोंकणांतील शेतकरी रानाचा वैरी ठरला. जोतीराव फुले यांनीं १८८३ सालीं 'शेतकऱ्याचा असूड' लिहितांना जंगलखात्यानें गुरांचीं चराऊ रानें कशीं गिळलीं, याचें गाऱ्हाणें मांडलें आहे. १९३० सालीं सत्याग्रहाची चळवळ आपल्या खेड्यापाड्यांत शिरली, ती मिठापेक्षां गवतावाटे. बागलाण, संगमनेर, बिळाशी येथें लोकांनीं जंगलाचे निर्बंध मोडले. २५ सप्टेंबर १९३० रोजीं उरणजवळ चिरनेरला गोळीबार होऊन माणसें पडलीं.

याच्या उलट म्हणून रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्राचा दाखला हल्लीं प्रत्येक वृक्षारोपणाच्या व्याख्यानांत देतात. अठराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकांतला हा ग्रंथ. आरमारास लांकूड लागतें. तें रानांतून परवानगीनें आणावें. परंतु आंबा, फणस यांस हात लावूं नये, कारण रयतेनें तीं झाडें लेंकरांप्रमाणें वर्षानुवर्षें वाढविलेलीं असतात, आणि तीं तोडलीं म्हणजे तिच्या दुःखास पार राहत नाहीं. एखादें झाड जीर्णच झालें असेल तर धन्यास राजी करून व द्रव्य देऊन तोडावें, असा त्यांतील आशय आहे. या एका कलमावरून अमात्यांस आजच्या अर्थानें पर्यावरणवादी ठरविण्याची घाई मी करणार नाहीं. त्यांनाहि जहाजेंच बांधावयाचीं होतीं. मात्र झाडामागें उभें असलेलें माणूस त्यांस दिसत होतें, आणि १९८८ सालीं तें समोर उभें असूनहि आम्हांस दिसलें नाहीं.

आतां राखलेल्या रानाकडे वळूं. मावळ, मुळशी, कोंकण या भागांत वाघजाई, काळकाई, सोमजाई, भैरव, म्हसोबा यांच्या नांवानें सोडलेल्या राया आहेत. बहुतेक राईंचा नियम एकच: कुऱ्हाड लावावयाची नाहीं. पुष्कळ ठिकाणीं तर वाळकी काटकीसुद्धां घरीं न्यावयाची नाहीं. पडलेलें लांकूड देवळाच्या कामास घ्यावयाचें तरी कौल लावून. मावळांतील आजिवलीच्या वाघजाईच्या राईंत भेरली माडाचीं उंच झाडें आहेत. पुण्याच्या महाराष्ट्र असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्स या संस्थेंतील डॉ. वर्तक आणि प्रा. माधव गाडगीळ यांनीं या राया पायीं हिंडून पाहिल्या व १९७६ सालीं त्यांवरील निबंध प्रसिद्ध केला. त्या काळांत श्रीवर्धन तालुक्यांतील गाणी या गांवची राई तोडली जाण्याच्या बेतांत होती. गांवकऱ्यांनीं डॉ. वर्तकांस पत्र पाठवून मदत मागितली. राईंतून निघणारा ओढा हेंच आमचें पाणी, असें त्यांचें म्हणणें होतें. शास्त्रज्ञांनीं रदबदली केली आणि तोड थांबली. या हकीकतींत मला सर्वांत महत्त्वाचें वाटतें तें हें, कीं आरंभ शास्त्रज्ञांनीं केला नव्हता. पत्र आधीं गांवाकडून आलें होतें.

देवरायांचें कौतुक करतांना डोळे मिटावे असें मात्र नाहीं. कांहीं राईंत स्त्रियांस प्रवेश नसे. आणि देवीचा धाक सरला कीं तिच्याच देवळाच्या जीर्णोद्धारासाठीं झाडें विकलीं गेल्याचींहि उदाहरणें आहेत. देवळावर सिमेंटचा स्लॅब पडतो, आणि देवीला कायमची सावली लाभली म्हणून मंडळी समाधान मानतात!

स्वराज्यांत १९५० सालीं कन्हैयालाल मुनशी यांनीं वनमहोत्सव सुरू केला. हेतु उत्तम होता. पण महोत्सव म्हटला कीं मोजदाद आली, आणि मोजतां येतें तें लावलेलें झाड. राखलेलें झाड मोजण्याचा रकाना कोणत्याच वहींत नसतो. आपल्या राज्यानें २०१६ सालीं २ कोटि, २०१७ सालीं ४ कोटि, २०१८ सालीं १३ कोटि आणि २०१९ सालीं ३३ कोटि झाडांचा संकल्प सोडला. एवढीं रोपें लावावयाचीं तर जागा हवी, आणि जागा शोधूं लागलें कीं दृष्टि 'पडीक' या शब्दावर जाऊन स्थिरावते. या शब्दानें आमचें जितकें नुकसान केलें तितकें कुऱ्हाडीनेंहि केलें नसेल. मराठेशाहींत घोड्यांच्या वैरणीसाठीं कुरणें राखीत. गवताला किंमत होती. आज कागदोपत्रीं जें पडीक, तें पुष्कळदां मूळचें माळरान असतें. सोलापूरजवळ नान्नजच्या माळास १९७९ सालीं माळढोकासाठीं अभयारण्य करावें लागलें. त्या पक्ष्यास मोकळें गवत लागतें. त्यावर झाडांची दाटी करणें म्हणजे त्याला घराबाहेर काढणें होय.

पुण्याच्या टेकड्यांची गोष्ट थोडीफार अशीच आहे. पातळ मातीखालीं काळा कातळ, आणि वर्षाचा पाऊस अदमासें सातशें मिलिमीटर. येथें घनदाट अरण्य शोभणार नाहीं. विरळ झाडी, मध्यें कुसळी-पवन्याचें गवत, आणि कातळांत मुळें रोवून बसलेलीं सालई, मोई, मेडशिंगी, पांढरूख, गणेर, पळस. असें या जागेचें खरें रूप. उन्हाळ्यांत तें उजाड दिसतें हें मी नाकारीत नाहीं. पण उजाड दिसणें निराळें आणि उजाड असणें निराळें.

गेल्या कांहीं वर्षांपासून रविवारीं सकाळीं आमची एक लहानशी मंडळी टेकडीवर जाते. त्यांत दोन गृहिणी, एक निवृत्त इंजिनियर, शाळेंतलीं कांहीं मुलें आणि मी. बिया गोळा करणें, घरच्या गच्चीवर रोपें करणें, घाणेरी उपटणें, ही आमची कामें. घाणेरी हीहि पाहुणीच; एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं कलकत्त्याच्या उद्यानांत शोभेसाठीं आणली, ती देशभर पसरली. आमच्यांत मतभेदहि होतात. 'देशी झाड' म्हटलें कीं वड, पिंपळ, जांभूळ कोठेंहि लावावे, असा कित्येकांचा आग्रह. जांभळाची जागा ओढ्याकांठीं. कातळाच्या उतारावर तें लावून टँकरनें पाणी घालणें हा मला त्या झाडावरहि जुलूम वाटतो. आणि नुसती परकी जात म्हणून दांत ओठ खावे, तर चिंचेचें काय करावें? तीहि मूळ आफ्रिकेची, आणि तिच्यावांचून आमची आमटी होत नाहीं.

गिरिपुष्प सरसकट तोडावें, या मताचा मी नाहीं. पस्तीस वर्षें त्यानें जी माती धरली, ती एका पावसांत वाहून जाईल. रीतसर परवानगी काढून आम्हीं एकच लहान तुकडा मोकळा केला आणि तेथें, माझ्या हट्टामुळें, कांहींच लावलें नाहीं. इंजिनियर महाशय माझ्यावर बरेच दिवस रुसले होते. पहिल्या पावसाळ्यांत तरोटा माजला. दुसऱ्या वर्षीं गवत आलें. तिसऱ्या वर्षीं गवताच्या आडोशाला, आम्हीं न लावलेलीं, मेडशिंगीचीं चार रोपें दिसलीं. त्यांतलीं तीन या पावसाळ्यापर्यंत टिकलीं आहेत. वर्षअखेर एका कार्यालयाकडून छापील तक्ता आला: जागा, क्षेत्र, लावलेल्या झाडांची संख्या. तिसऱ्या रकान्यांत मीं शून्य लिहून पाठविलें. 'माहिती अपूर्ण' असा शेरा मारून तो तक्ता परत आला आहे, आणि इंजिनियर महाशय म्हणतात कीं यंदा तो आपण भरूं.