ओझे कोणाच्या पाठीवर?

कोर्टकचेरीत ‘ओनस’ हा शब्द नेहमी कानावर पडतो. एखादी गोष्ट शाबीत करण्याची जबाबदारी कोणावर, हे सांगताना वकीलमंडळी तो वापरतात. शब्द मूळचा लॅटिन आणि त्याचा अर्थ अगदी साधा : ओझे. मालवाहू जहाजाला आणि ओझ्याच्या जनावराला रोमन लोक याच शब्दावरून विशेषण लावीत. संस्कृतात ‘अनस्’ म्हणजे गाडा आणि तो ओढणारा बैल म्हणजे ‘अनडुह’. ‘ओनस’ आणि ‘अनस्’ एकाच कुळातले असावेत, असे भाषाशास्त्रज्ञ मानतात.

ओझ्याचा बैल आणि त्याचा धनी वाशीम जिल्ह्याला परके नाहीत. मानोरा तालुक्यातील पोहरादेवी ही बंजारा समाजाची काशी. संत सेवालाल महाराजांची समाधी येथेच आहे. या समाजाचा पिढीजात धंदा लदेणीचा. बैलांच्या पाठीवर गोण्या लादायच्या आणि धान्य, मीठ मुलूखभर पोचवायचे. सतराव्या शतकातील फ्रेंच प्रवासी ताव्हर्निये याने दहा-बारा हजार बैलांच्या तांड्यांचे वर्णन केले आहे. पुढे पक्के रस्ते झाले, 1867 मध्ये रेल्वे वऱ्हाड ओलांडून नागपूरला पोचली आणि लदेणी बसली.

पाठीवरचे ओझे गेले, पण माथी दुसरे आले. 1871 मध्ये इंग्रज सरकारने गुन्हेगार जमातींचा कायदा केला. जन्मावरूनच माणूस गुन्हेगार ठरू लागला. कायदा पुढे इतर प्रांतांत पसरला आणि बंजाऱ्यांचे अनेक गट त्यात सापडले. गंमत पाहा, लगेच 1872 मध्ये त्याच सरकारने पुराव्याचा कायदा केला. जो विधान करतो, त्यानेच ते शाबीत करावे, हे त्यातले तत्त्व. इतरांसाठी ओझे आरोप करणाऱ्यावर. या जमातींसाठी मात्र ते पाळण्यातल्या मुलावर!

‘ओनस’पासूनच इंग्रजीत ‘एक्झॉनरेट’ हे क्रियापद आले. त्याचा मूळ अर्थ ओझे उतरवणे, म्हणून दोषमुक्त करणे. 31 ऑगस्ट 1952 रोजी तो कायदा रद्द झाला आणि या जमाती ‘विमुक्त’ म्हणवल्या जाऊ लागल्या. महाराष्ट्रात बंजारा समाज आजही विमुक्त जातींत मोडतो. कागदावरचे ओझे त्या दिवशी उतरले. पण गावात चोरी झाली की आपली नजर आधी तांड्याकडे वळत असेल, तर ते ओझे अजून आपणच लादतो आहोत. आणि ते उतरवायला कायदा लागत नाही.