रेषेने दिलेली साक्ष

आज टेबलावर मावणाऱ्या ईसीजी यंत्राचा पूर्वज सुमारे २७० किलो वजनाचा होता आणि तो चालविण्यास पाच माणसे लागत, हे सांगितले तर तरुण पिढीस खरे वाटणार नाही. हॉलंडमधील लायडन येथे विलेम आइन्थोवेन यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी ते सिद्ध केले. ज्याची तपासणी करावयाची, त्याने हातपाय मिठाच्या पाण्याच्या भांड्यांत बुडवून बसावयाचे. यंत्र रुग्णालयात नेणे अशक्य, म्हणून त्यांनी सुमारे दीड किलोमीटरवरील रुग्णाच्या हृदयाचे स्पंदन टेलिफोनच्या तारेवरून प्रयोगशाळेत आणविले. १९२४ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

पण हे साधन बराच काळ आजाऱ्यापुरतेच राहिले. छातीत कळ आली, मग आलेख. त्या कळेचाही अर्थ चटकन लागे असे नाही. सप्टेंबर १९५५ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष आयझेनहॉवर डेन्व्हर येथे असताना मध्यरात्रीनंतर त्यांच्या छातीत दुखू लागले. ते तेव्हा ६४ वर्षांचे होते. दिवसा गोल्फ झाला होता, कांद्यासह हॅम्बर्गर खाल्ले होते. अपचन असावे, असेच लोकांना प्रथम सांगण्यात आले. दुसऱ्या दिवशी आलेख काढला तेव्हा हृदयविकाराचा झटका उघड झाला. राष्ट्राध्यक्षाच्या उशाशी खास वैद्य असतानाही अपचनाची समजूत होऊ शकते, तर आपल्या घरांतील सोडा-लिंबावर भिस्त ठेवणाऱ्या कर्त्या पुरुषांस काय दोष द्यावा?

निरोगी दिसणाऱ्या माणसाचा आलेख वर्षानुवर्षे काढून पाहण्याचे मोठे काम मॅसॅच्युसेट्समधील फ्रेमिंगहॅम या गावात झाले. १९४८ साली तेथील ३० ते ६२ वयाचे ५,२०९ स्त्री-पुरुष निवडून दर दोन वर्षांनी त्यांची तपासणी सुरू झाली. १९६१ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत रक्तातील वाढलेले कोलेस्टेरॉल, वाढलेला रक्तदाब आणि तिसरी गोष्ट म्हणजे हृदयाचा डावा खालचा कप्पा जाड झाल्याची आलेखावरील खूण, ही पुढील विकाराची पूर्वचिन्हे ठरली. रक्तदाबाशी वर्षानुवर्षे झुंजणारा स्नायू जाड होतो. माणूस कचेरीत जात असतो, जिने चढत असतो. रेषा मात्र उंचावलेली असते.

याहून चकित करणारी गोष्ट १९८४ साली पुढे आली. तीस वर्षांत नोंदलेल्या ७०८ झटक्यांपैकी चौथ्या हिश्शाहून अधिक केवळ नेमाच्या तपासणीतील आलेखामुळे उमगले होते. त्यांतील जवळजवळ निम्मे तर मुळीच दुखले नव्हते. अशा मुक्या झटक्यानंतरचा धोका दुखलेल्या झटक्यापेक्षा फारसा कमी नव्हता.

म्हणून ‘आलेख चांगला आला’ हे चाळिशी-पन्नाशीतील माणसाला अभयपत्र वाटते, त्याचे मला नवल वाटते. हृदयाच्या रोहिणी बऱ्याच अरुंद झालेल्या असूनही विश्रांतीच्या वेळचा आलेख सरळ येऊ शकतो. धोका कमी असलेल्या, कोणतेही लक्षण नसलेल्या प्रौढांचा आलेख सरसकट काढू नये, असे अमेरिकेतील तज्ज्ञमंडळाने २०१८ साली सुचविले, त्यामागे उगाच भीती व अनावश्यक तपासण्या वाढतात हाही विचार होता. रक्तदाब, मधुमेह, तंबाखू, घराण्यातील इतिहास यांच्या संगतीनेच या रेषेला अर्थ येतो. आणि फ्रेमिंगहॅमच्या डॉक्टरांना मुके झटके ओळखता आले ते मागील आलेख हाताशी होते म्हणून. आपल्याकडे जमिनीचे कागद तीन पिढ्या जपतात. कार्डिओग्रामची पट्टी मात्र रद्दीत जाते.