कानात फिरणारं जातं

माझी आत्या विष्णुपुरीची. गोदावरीवर धरण झालं नव्हतं तेव्हाची ही गोष्ट. भाकरी थापता थापता ती एकाएकी खांबाला धरून खाली बसे. घर गरगर फिरतंय म्हणे, मग ओकाऱ्या. दोन-तीन तास डोळे मिटून पडून राही. कुणी पित्त म्हणालं, कुणी लिंबू उतरवून टाकलं. एक शेजारीण तर दबक्या आवाजात ‘भानामती’ म्हणाली आणि बायकांचं येणंजाणं कमी झालं. आत्या मात्र दर वेळी सांगे, “आधी डाव्या कानाला दडा बसतो, मंग आत जातं फिरल्यावाणी घरघरतंय.” तिकडे आम्ही कुणी लक्ष दिलं नाही. हळूहळू त्या कानानं तिला ऐकू येईनासं झालं.

मी इतिहासाचा मास्तर. पुढे वैद्यकाचा इतिहास वाचताना कळलं की, ही चूक फक्त आमच्या घरातली नव्हती. सुश्रुतसंहितेत कानाचे २८ रोग सांगितले आहेत. कर्णनाद आणि बाधिर्य त्यांतलेच. चक्कर, म्हणजे ‘भ्रम’, चरकानं मात्र वाताच्या विकारांत घातला. युरोपात अशी भोवळ मेंदूत रक्त साकळल्यामुळे येते असं समजत. मग काय, रक्त काढा, जळवा लावा!

प्रॉस्पर मेनिएर हा पॅरिसच्या मूकबधिरांच्या संस्थेतला डॉक्टर. भोवळ, कानातला आवाज आणि बहिरेपण एकत्र येणारे रुग्ण त्यानं पाहिले होते. ८ जानेवारी १८६१ रोजी त्यानं वैद्यक अकादमीपुढे निबंध वाचला, की हे दुखणं मेंदूचं नाही, अंतर्कर्णाचं आहे. त्यानं एका तरुणीचा दाखला दिला. हिवाळ्यातल्या रात्री घोडागाडीच्या टपावरून प्रवास केल्यावर ती अचानक बहिरी झाली, चक्कर थांबेना आणि पाचव्या दिवशी ती वारली. शवविच्छेदनात मेंदू निर्दोष निघाला. कानातल्या अर्धवर्तुळाकार नलिकांत मात्र तांबूस द्रव साठलेला होता. गंमत अशी की, आज मेनिएरच्या नावानं ओळखला जाणारा आजार त्या मुलीला बहुधा नव्हताच. तो असा जीव घेत नाही. पण बोट त्यानं योग्य जागी ठेवलं होतं. अकादमीनं थंडपणे ऐकून घेतलं. पुढच्याच वर्षी मेनिएर वारला.

खरं तर त्याच्या कितीतरी आधी, १८२०च्या दशकात, त्याच पॅरिसमध्ये फ्लुरां या शास्त्रज्ञानं कबुतरांच्या या नलिका कापल्या होत्या, आणि कबुतरं भोवऱ्यासारखी फिरू लागली होती. पण त्या कबुतरांचा आणि माणसाच्या भोवळीचा संबंध जोडायला मेनिएरच यावा लागला. ऐकण्याचा शंख आणि तोल सांभाळणाऱ्या नलिका कानाच्या आत एकमेकांना जोडलेल्या असतात, दोन्हींत एकच पाणी खेळतं. या आजारात ते पाणी वाढून आतले पडदे फुगतात, हे १९३८ साली लंडनमध्ये आणि जपानमध्ये जवळपास एकाच वेळी दिसून आलं. पाणी का वाढतं, याचं पक्कं उत्तर आजही नाही. मीठ कमी करून, गोळ्या घेऊन झटके आटोक्यात येतात; गेलेलं ऐकू येणं मात्र बहुधा परतत नाही.

प्रत्येक चक्कर कानाचीच असते असं नव्हे. पण विचारावं तर लागतंच ना!

आता विष्णुपुरीत डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं मोठं रुग्णालय आहे. परवा शेजारची सून ओट्याला धरून उभी राहिलेली दिसली. सासूबाई म्हणाल्या, “काही नाही हो, उपास सोसत नाहीत तिला.” मी सुनेला विचारलं, “बाई, कान वाजतो का गं तुझा?” ती चपापली. म्हणाली, “उजवा वाजतो काका. पण तुम्हाला कसं कळलं?”

दुसऱ्या दिवशी सकाळी तिला घेऊन आम्ही तिघं कान-नाक-घशाच्या ओपीडीच्या रांगेत उभे होतो.