ध्वजावरचे चार तारे

मुंबईंत छत्रपति शिवाजी महाराज टर्मिनसासमोर (जुन्या मंडळींच्या तोंडीं तें अजून बोरीबंदरच आहे) महानगरपालिकेची जी दगडी इमारत उभी आहे, तिच्या दर्शनी भागावर एक पंखधारी स्त्रीमूर्ति बसविलेली आहे. स्टीव्हन्स नांवाच्या शिल्पज्ञानें आंखलेली ही इमारत १८९३ सालीं पुरी झाली. मूर्तीचें नांव लॅटिन भाषेंत असून त्याचा अर्थ ‘हिंदुस्थानांतील आद्य नगरी’ असा होतो. गाडींतून उतरून कचेरी गांठण्याच्या घाईंत असलेल्या लाखो माणसांपैकीं किती जणांनीं मान वर करून तिच्याकडे पाहिलें असेल, याविषयीं आम्हांस मोठीच शंका आहे. आम्हीं तरी कैक वर्षें पाहिलें नव्हतें. पाहिलें तें शिकागो शहराचा इतिहास चाळतांना एक गोष्ट नजरेस आली म्हणून.

ती गोष्ट अशी. मुंबईची ही नगरदेवता दगडांत घडत होती त्याच सुमारास शिकागोसहि आपल्या नगरदेवतेची निकड भासूं लागली होती. परंतु मुंबईची देवता शिल्पज्ञाच्या आराखड्यांतून आली, आणि शिकागोनें मात्र वर्तमानपत्रांत बक्षीस लावून हातीं कुंचला धरणाऱ्या कोणासहि हांक मारली. नगराचें चिन्ह कोणीं ठरवावें, आणि तें ठरवितांना ‘आपण’ या शब्दांत कोणाकोणास मोजावें, हा प्रश्न त्या शहरापुढें एकदां उभा राहिला तो पुन्हा पुन्हा उभा राहत गेला. म्हणून त्याची हकीकत वाचकांपुढें मांडण्याचें आम्हीं योजिलें आहे.

शहराची कुळकथा थोडक्यांत सांगितली पाहिजे. मिशिगन सरोवराच्या कांठीं नदीच्या मुखाशीं १८०३ सालीं अमेरिकन सरकारनें डिअरबॉर्न नांवाची गढी बांधली. १८१२ च्या युद्धांत ती जळाली व पुढें पुन्हा उभारण्यांत आली. १८३३ च्या ऑगस्टमध्यें तिच्याभोंवतालच्या वस्तीस कसब्याचा दर्जा मिळाला, तेव्हां तेथें साडेतीनशेंच्या आसपास माणसें राहत होतीं. १८३७ त सनद मिळून कसब्याचें शहर झालें आणि शहरास मुद्रा आली. ‘उद्यानांतील नगर’ या अर्थाचे लॅटिन शब्द त्या मुद्रेवर आहेत. ज्या गांवच्या रस्त्यांतील चिखलांत गाड्या रुतून बसत त्या गांवानें हें ब्रीद घ्यावें, यांत विनोद होता कीं महत्त्वाकांक्षा, हें वाचकांनींच ठरवावें. १८७१ च्या ऑक्टोबरमध्यें लागलेल्या आगींत सुमारें तीनशें माणसें दगावलीं आणि लाखभर लोक बेघर झाले. तरी १८९० च्या शिरगणतींत लोकसंख्या अकरा लाखांच्या घरांत गेली होती. अशा शहरास कोलंबसाच्या सफरीच्या चारशेंव्या वाढदिवसाचें जागतिक प्रदर्शन भरविण्याचा मान न्यूयॉर्कच्या तोंडांतून काढून मिळाला, तेव्हां त्यास आपल्या अंगावरच्या कपड्यांची जाणीव झाली. पाहुणे येणार, आणि घराला नांवाची पाटी नाहीं.

मग स्पर्धा लागल्या. ‘इंटर ओशन’ नांवाच्या पत्रानें शिकागोची मानवी मूर्ति कशी असावी याविषयीं चित्रें मागविलीं. चार्ल्स हॉलोवे या चित्रकाराची मूर्ति निवडली गेली: उरावर चिलखत घातलेली एक तरुणी, मस्तकावर राखेंतून उठणारा फिनिक्स पक्षी, आणि चिलखतावर दोनच शब्द, ‘मी करीन’. इकडे ‘ट्रिब्यून’ पत्रानें १८९२ त शंभर डॉलरांचें बक्षीस लावून नगराचा रंग व खूण मागविली. प्रदर्शनाच्या रंगकामाचे प्रमुख फ्रान्सिस मिलेट यांनीं शहरास स्वतःचा रंग असावा असें सुचविलें होतें, त्यावरून ही स्पर्धा निघाली. (हे मिलेट पुढें १९१२ सालीं ‘टायटॅनिक’ जहाजाबरोबर बुडाले.) शेंकडों सूचना आल्या, आणि बक्षीस गेलें तें आल्फ्रेड येन्सन रावाड या डेन्मार्कहून येऊन राहिलेल्या शिल्पज्ञाकडे. त्यानें काय केलें? तर इंग्रजी ‘वाय’ हें अक्षर काढून दिलें. शिकागो नदीचा एक फांटा उत्तरेकडून व दुसरा दक्षिणेकडून येतो, दोन्ही एकत्र होतात आणि एकच प्रवाह सरोवराकडे जातो. ही सारी भूमिति त्या एका अक्षरांत बसली. परक्या देशांतून आलेल्या माणसास शहराची आकृति दिसावी आणि तेथेंच वाढलेल्यांस ती दिसूं नये, यांत नवल नाहीं. आपल्या घराचा नकाशा आपल्यापैकीं कितीजण हातानें काढूं शकतील? आज ही खूण शिकागोच्या पुलांवर, सार्वजनिक इमारतींवर, एका जुन्या नाट्यगृहाच्या पाटीवरसुद्धां आहे. रावाडचें नांव मात्र शहर विसरलें.

येथें एक गंमत सांगितल्यावांचून राहवत नाहीं. सरोवराचें पाणी शहर पीत असे आणि शहराची घाण घेऊन नदी त्याच सरोवरांत पडत असे. यावर उपाय म्हणून मोठा कालवा खणून १९०० च्या जानेवारींत नदीचा प्रवाहच उलटा फिरविण्यांत आला. घाण आतां मिसिसिपीच्या वाटेनें दक्षिणेस जाऊं लागली. खालच्या अंगास असलेल्या मिसूरी राज्यानें त्यावर सर्वोच्च न्यायालयापर्यंत दाद मागितली, पण १९०६ त त्याची फिर्याद फेटाळली गेली. नदी उलटली, परंतु रावाडचें अक्षर तसेंच राहिलें. त्यानें प्रवाहाची दिशा दाखविणारा बाण काढला नव्हता, हें त्याचें शहाणपणच म्हणावयाचें.

ध्वज मिळावयास आणखी वीसपंचवीस वर्षें लागलीं. १९१५ सालीं नगराध्यक्ष टॉम्सन यांनीं ध्वजासाठीं मंडळ नेमलें. स्पर्धेचे नियम तयार करण्याचें काम वॉलेस राइस या लेखकाकडे गेलें. हे कलाशाळेंत ध्वज व कुलचिन्हें यांवर व्याख्यानेंहि देत असत. हजारावर नमुने आले. ते सर्व पाहून झाल्यावर मंडळानें पसंत केला तो नमुना खुद्द राइस यांचा! आम्ही आयुष्यभर परीक्षकाचें काम केलेले आहों. प्रश्नपत्रिका काढणाऱ्यानेंच परीक्षेस बसावें आणि पहिला नंबर पटकवावा, ही गोष्ट आमच्या घशाखालीं सहजासहजीं उतरत नाहीं. हजार माणसांनीं विश्वासानें पाठविलेल्या कागदांचें काय झालें असेल, हा विचार मनांतून जात नाहीं. परंतु न्यायबुद्धि बाजूस ठेवून ध्वजाकडे पाहिलें कीं राग बराच ओसरतो, हेंहि कबूल केलें पाहिजे. पांढऱ्या भूमीवर दोन फिक्या निळ्या पट्ट्या, मध्यें तांबडे तारे. अक्षर नाहीं, मुद्रा नाहीं. तीन पांढरे भाग म्हणजे शहराच्या उत्तर, पश्चिम व दक्षिण या तीन बाजू. वरची निळी पट्टी म्हणजे सरोवर व नदीचा उत्तर फांटा, खालची म्हणजे दक्षिण फांटा व तोच मोठा कालवा. म्हणजे रावाडची नदी येथेंहि वाहते आहेच. शाळेंतील पोरानेंहि आठवणीनें काढावा इतका हा ध्वज सोपा आहे. ४ एप्रिल १९१७ रोजीं नगरसभेनें तो मंजूर केला, आणि त्यानंतर दोनच दिवसांनीं अमेरिका महायुद्धांत उतरली.

राइस यांच्या मूळ ध्वजावर तारे दोनच होते: एक १८७१ च्या आगीचा, दुसरा १८९३ च्या प्रदर्शनाचा. राष्ट्राच्या निशाणावरील पंचकोनी ताऱ्यांहून ते वेगळे दिसावेत म्हणून त्यांस सहा टोकें दिलीं. आणि टोकें आलीं म्हणजे त्यांस अर्थ आलेच. आगीच्या ताऱ्याच्या टोकांस धर्म, शिक्षण, सौंदर्यदृष्टि, न्याय, परोपकार व नागरिकाभिमान हे गुण वाटून दिले आहेत. प्रदर्शनाच्या ताऱ्याची टोकें मात्र दळणवळण, श्रम, व्यापार, सावकारी, लोकसंख्या आणि आरोग्यदायी हवापाणी अशीं आहेत. आम्हां हिंदी वाचकांस १८९३ चें शिकागो ठाऊक आहे तें तेथील सर्वधर्मपरिषदेमुळें. स्वामी विवेकानंद तेथें ११ सप्टेंबरला बोलले; आमच्या मुंबईहून बळवंत भाऊ नगरकर हे ब्राह्मसमाजाच्या वतीनें गेले होते. या ताऱ्याच्या सहा टोकांत त्या परिषदेस एकहि टोंक मिळालेलें नाहीं. ज्या घटनेनें अर्ध्या जगाच्या तोंडीं शहराचें नांव घातलें ती शहराच्या हिशेबांत धरली गेली नाहीं, सावकारी मात्र धरली गेली.

१९३३ त कसब्यास शंभर वर्षें भरलीं आणि ‘प्रगतीचें शतक’ नांवाचें दुसरें प्रदर्शन भरलें. मंदीचे दिवस होते, तरी तें थाटांत भरलें. उद्घाटनाचे दिवे लावण्यास स्वाती नक्षत्राच्या ताऱ्याचा प्रकाश दुर्बिणींतून धरून त्याची वीज केली. तो प्रकाश निघून चाळीस वर्षें झालीं, म्हणजे १८९३ च्या प्रदर्शनाच्या वेळीं निघालेला किरण आज पोहोंचला, अशी कल्पना होती. पुढील मोजमापांत स्वातीचें अंतर सदतीस प्रकाशवर्षांच्या आसपास भरलें; तेव्हां तो किरण पाहुणे घरोघर परतल्यावरच निघाला असला पाहिजे. असो. त्या वर्षीं ध्वजावर तिसरा तारा चढला. त्याच्या एका टोंकाचा अर्थ ‘जगांतील तिसरें मोठें शहर’ असा ठेविला होता. आज शिकागो तिसरें आहे तें अमेरिकेंत. ज्यांस आपल्या गांवच्या बोधचिन्हांत आंकडे घालण्याची हौस असते त्यांनीं या टोंकाकडे एकदां पाहून घ्यावें.

चौथा तारा १९३९ त आला आणि काठीजवळ, सर्वांच्या पुढें बसला, कारण तो सर्वांत जुन्या गोष्टीचा, डिअरबॉर्न गढीचा आहे. त्याचीं सहा टोकें म्हणजे त्या भूमीवर क्रमानें सत्ता गाजविणारे सहा धनी: फ्रान्स, इंग्लंड, व्हर्जिनिया, वायव्य प्रदेश, इंडियाना प्रदेश आणि इलिनॉय राज्य. या यादीपाशीं आम्ही थबकलों. १८३३ च्या ज्या सप्टेंबरांत, कसबा होऊन जेमतेम दीड महिना लोटला होता तोंच, पोटावाटोमी व त्यांच्या सोबतीच्या जमातींकडून तहावर खुणा करून घेऊन सुमारें पन्नास लक्ष एकर जमीन घेतली गेली आणि त्यांस मिसिसिपीपलीकडे जावें लागलें, त्या पोटावाटोमींस सहा टोंकांत टोंक नाहीं. शहराचें नांव त्या प्रदेशाच्या मूळ रहिवाशांच्या बोलींतलें आहे. रानांत उगवणाऱ्या लसणीच्या जातीच्या एका वनस्पतीचें तें नांव. तेवढें तें राहिलें. मुद्रेवर मूळ रहिवाशाची आकृति उभी आहे खरी, पण ती पाहुण्यासारखी ढालीच्या बाजूस.

गढीच्याहि आधीं, अठराव्या शतकाच्या अखेरीस, नदीच्या मुखाशीं घर बांधून राहिलेला पहिला बाहेरचा माणूस झां बातिस्त प्वां द्यु साब्ल हा काळ्या वर्णाचा व्यापारी होता. त्याची पत्नी पोटावाटोमी होती. घर, कोठारें, जनावरें असा मोठा संसार विकून १८०० सालीं तो निघून गेला. १८९३ च्या प्रदर्शनांत निग्रो समाजास कां वगळलें, असा सवाल करणारी पत्रिका आयडा बी. वेल्स या बाईंनीं फ्रेडरिक डग्लस प्रभृतींच्या सहकार्यानें छापून प्रदर्शनांतच वांटली होती. चाळीस वर्षांनीं त्याच समाजाच्या स्त्रियांनीं चिकाटीनें खटपट करून द्यु साब्लच्या झोंपडीची प्रतिकृति १९३३ च्या प्रदर्शनांत उभी करविली. ज्या वर्षीं ध्वजावर तारा चढत होता त्याच वर्षीं ही झोंपडी उभी राहिली. ताऱ्याच्या टोंकांत तिचा उल्लेख आला नाहीं.

आज हा ध्वज शिकागोंत जितका दिसतो तितका दुसऱ्या कोणत्याहि अमेरिकन शहराचा ध्वज त्या त्या शहरांत क्वचितच दिसत असेल. तो अग्निशामक बंबांवर आहे, पेल्यांवर आहे, आणि लोक तो हौसेनें दंडावर गोंदवूनहि घेतात. पांचव्या ताऱ्याची सूचना अधूनमधून निघते व विरून जाते. २०२१ सालीं सरोवराच्या कांठानें जाणाऱ्या हमरस्त्यास नगरसभेनें द्यु साब्लचें नांव जोडलें. ध्वजावरील तारे चारच आहेत.